तुटवड्यात पहिली पंगत कोणाची?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"नाशिकला माझं वास्तुरचनेचं छोटं ऑफिस आहे, सहा माणसांचं. आधीची मशीन सात-आठ वर्षं जुनी झाली म्हणून पाच ब्रँडेड डेस्कटॉप मागवले, प्रत्येकी ३२ जीबी रॅमचे. कोटेशन पंधरा दिवस वैध होतं, मी आठव्या दिवशी तीस टक्के आगाऊ रक्कम भरली. आता विक्रेता म्हणतो, मेमरी शॉर्ट आहे. फरक भरा, नाहीतर १६ जीबीवर मशीन घ्या, उरलेली नंतर लावून देतो. गंमत अशी की ज्या अमेरिकी कंपनीची ही मशीन, तिचेच शेअर चार वर्षांपासून माझ्याकडे आहेत. माझ्या परदेशी गुंतवणुकीतला साठ टक्के हिस्सा तोच. कंपनी म्हणते मागणी जोरात आहे पण सुटे भाग पुरत नाहीत, आणि शेअर मात्र खाली येतोय. भाऊ म्हणतो, विकून मोकळी हो. विक्रेता म्हणतो, मिळेल ते आत्ताच उचला. ग्राहक म्हणून मी वैतागले आहे, मग भागधारक म्हणून खूश व्हायचं की घाबरायचं? आणि जुन्या मशीनमधली रॅम काढून नव्यात बसवता येईल का?"
— एक वाचक, नाशिक

नमस्कार ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते छोटं आहे आणि तोवर ऑफिसातल्या कुणी स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊ नये. नाही बसणार. सात-आठ वर्षांपूर्वीच्या तुमच्या मशीनमध्ये डीडीआर४, म्हणजे आधीच्या पिढीची रॅम असणार, नव्यात डीडीआर५. दोन्ही पट्ट्या लांबीला सारख्याच दिसतात, पण मधली खाच वेगळ्या जागी असते आणि ती मुद्दामच तशी ठेवलेली असते. जोर लावलात तर रॅमही जाईल आणि मदरबोर्डही.

आता मोठा प्रश्न. मी भोसरीतल्या एका कारखान्याच्या खरेदी विभागात सव्वीस वर्षं काढली. कंट्रोल पॅनेल बनवायचो आम्ही. त्या काळात ‘साहेब, माल शॉर्ट आहे’ हे वाक्य दिवसाला दहादा कानावर पडायचं. त्यातून एक सवय लागली. हे वाक्य आलं की पहिला प्रश्न विचारायचा: शॉर्ट कुणाला? तुटवडा सगळ्यांना सारखा कधीच नसतो. लग्नात जिलबी कमी पडली तरी पहिल्या पंगतीच्या पानात ती वाढलेलीच असते. कमी पडते ती शेवटच्या पंगतीला, आणि तोवर यजमानही कुठेतरी फोनवर बोलत उभा असतो.

मेमरीच्या, म्हणजे रॅमच्या, बाबतीत सध्या पहिल्या पंगतीला कोण बसलंय, हे उघड आहे. जगातली बहुतेक सगळी संगणकाची मेमरी तीन कंपन्या बनवतात: दक्षिण कोरियातल्या सॅमसंग आणि एसके हायनिक्स, आणि अमेरिकेची मायक्रॉन. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरना थरावर थर रचलेली एक खास मेमरी लागते, एचबीएम नावाची. तीही याच कारखान्यांत, याच सिलिकॉनच्या चकत्यांवर तयार होते, आणि तेवढ्याच क्षमतेच्या साध्या डीडीआर५ च्या सुमारे तिप्पट चकती खाते. डेटा सेंटरवाले मोठ्या रकमेचे आणि लांब मुदतीचे करार करतात. मग कारखानदाराने यंत्रं कुणासाठी चालवायची? नवा कारखाना उभा करायचा तर त्याला काही वर्षं लागतात. ३ डिसेंबर २०२५ ला मायक्रॉनने आपला ‘क्रूशियल’ हा किरकोळ ग्राहकांसाठीचा व्यवसायच बंद करत असल्याचं जाहीर केलं. मुंबईत संगणकाच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडवर, वर्षानुवर्षं मागून घेतला जाणारा हा ब्रँड. सव्वीस वर्षांच्या खरेदीत मी पुरवठादारांच्या नाना तऱ्हा पाहिल्या, पण किरकोळ गिऱ्हाइकाला इतक्या सरळ शब्दांत ‘तुम्ही उठा’ म्हटलेलं पाहिलं नव्हतं.

तेव्हा तुमचा विक्रेता खोटं बोलतोय असं मी म्हणणार नाही. तो पूर्ण खरं बोलतोय का, ते शेवटी पाहू.

शेअरकडे येताना मी तुम्हाला आधी एका जुन्या गोष्टीकडे नेतो. संगणक कंपनी, तुटवडा, चिडलेलं गिऱ्हाईक आणि पडलेला शेअर हे चारही तिच्यात आहेत, आणि वर्षभराने तिचा जो दुसरा भाग घडला तो बहुतेक जण विसरतात.

३१ ऑगस्ट १९९९ ला ॲपलने पॉवर मॅक जी४ हा संगणक जाहीर केला. ४००, ४५० आणि ५०० मेगाहर्ट्झ असे तीन वेग. जाहिरातीत त्याच्याभोवती रणगाडे उभे केले होते. हा इतका ताकदवान की अमेरिकी सरकार याला शस्त्र समजतं, असा तोरा. (ज्या देशाला अमेरिकेने हवा तो क्रे महासंगणक नाकारला आणि ज्याने मग पुण्यातच ‘परम’ बांधून दाखवला, तिथल्या आम्हा लोकांना त्या जाहिरातीचं थोडं हसूच आलं होतं.) शस्त्राची गोळी मात्र दुसऱ्याकडे होती. चिप बनवत होती मोटोरोला, आणि ५०० मेगाहर्ट्झवर नीट चालतील अशा चिप तिच्याकडून पुरेशा निघेनात. २० सप्टेंबरला ॲपलने सांगून टाकलं की चिप कमी मिळाल्यामुळे या तिमाहीचा नफा अपेक्षेपेक्षा कमी येईल. दुसऱ्या दिवशी शेअर दहा टक्क्यांहून जास्त पडला. दुष्काळात तेरावा महिना म्हणजे नेमका त्याच सुमारास, २१ सप्टेंबरच्या पहाटे, तैवानमध्ये मोठा भूकंप झाला. तिथले चिपचे कारखाने थांबले आणि मेमरीचे भाव भडकले.

ऑक्टोबरात ॲपलने काय केलं? तिन्ही मशीनचा वेग ५० मेगाहर्ट्झने उतरवला. ३५०, ४०० आणि ४५०. किंमत तीच. म्हणजे काल ज्या पैशांत ५०० चं मशीन जाहीर झालं होतं, आज त्याच पैशांत ४५० चं. वर नोंदवलेल्या ऑर्डरी रद्द करून लोकांना नव्याने नोंदवायला सांगितलं. गिऱ्हाइकांनी असा काही आरडाओरडा केला की काही दिवसांतच कंपनीला माघार घ्यावी लागली. तुम्हाला आज जे वाटतंय ना, ‘मी पैसे भरलेत आणि आता हे मला कमी माल देतायत’, तेच तेव्हा हजारो लोकांना वाटलं होतं.

आणि भागधारकांचं काय झालं? जे घाबरून विकून गेले त्यांचं नुकसान झालं. डिसेंबरला संपलेल्या तिमाहीत ॲपलला १८ कोटी डॉलरहून जास्त नफा झाला. सप्टेंबरातल्या पडझडीआधी ८० डॉलरच्या आत असलेला शेअर वर्षअखेरीस १०० च्या पुढे होता. मॅक वापरणारा माणूस चिडला, पण रांगेतून उठला नाही. त्याची सगळी कामं, सगळी सॉफ्टवेअर मॅकवरची, जाणार कुठे? चिप आल्या तशी मशीन गेली, पैसे आले. विक्री बुडाली नव्हती, लांबली होती.

आता दुसरा भाग. साधारण एक वर्षाने, २८ सप्टेंबर २००० ला, ॲपलने पुन्हा नफा कमी येण्याचा इशारा दिला. या वेळी चिप होत्या, मशीन तयार होती, गोदामं भरलेली होती. गिऱ्हाईक नव्हतं. शाळा-कॉलेजांची खरेदी अपेक्षेपेक्षा खूप कमी झाली, आणि मोठ्या हौसेने काढलेला जी४ क्यूब हा घनाकार मॅक उचलला जाईना. दुसऱ्या दिवशी शेअर ५३.५० डॉलरवरून २५.७५ वर आला. एका दिवसात अर्ध्याहून कमी. (मधल्या जूनमध्ये एकाचे दोन शेअर झाले होते, म्हणून हा ५३ चा आकडा आधीच्या १०० शी थेट लावू नका.)

कंपनी तीच, महिना तोच, इशाराही वरवर तसाच. पण पहिल्या वेळी दुखणं होतं ‘माल नाही’ आणि दुसऱ्या वेळी ‘गिऱ्हाईक नाही’. बाजार दोन्ही वेळा घाबरला. पहिल्या वेळी तो बऱ्यापैकी चुकला, दुसऱ्या वेळी चुकला नाही. त्या घसरणीतून वर यायला शेअरला काही वर्षं लागली. तुमच्या भावाने ‘विकून मोकळी हो’ म्हणण्याआधी यातलं कुठलं दुखणं आहे ते बघायला हवं होतं. तो नक्कीच तुमच्या भल्याचंच बोलतोय. पण ताप आला म्हणून कुणी लगेच पोट उघडत नाही.

म्हणजे निश्चिंत राहा असंही मी म्हणत नाहीये. १९९९ चा दिलासा आजच्या मेमरीच्या टंचाईला जसाच्या तसा लावला तर फसाल.

तेव्हाची चिप पैसे मोजूनही मिळत नव्हती, कारण तशा चिपच कमी बनत होत्या. आजची मेमरी मिळते, पण पुरवठादार मागेल त्या भावाने. ज्याच्या हाती ससा तो पारधी. मग संगणक कंपनीपुढे दोनच वाटा उरतात: वाढलेला खर्च स्वतःच्या नफ्यातून सोसायचा, किंवा किंमत वाढवून तुमच्या गळ्यात घालायचा. नोव्हेंबर २०२५ मध्ये एचपीच्या प्रमुखांनी सांगितलं की साध्या संगणकाच्या खर्चात मेमरीचा वाटा १५ ते १८ टक्के असतो. ज्या धंद्यात एका मशीनवर फार थोडा नफा सुटतो, तिथे खर्चाच्या एवढ्या मोठ्या हिश्श्याचा भाव दुप्पट झाला तर काय होईल, याचा हिशेब कुठलाही किराणा दुकानदार तोंडी करून सांगेल. म्हणजे या वेळचं दुखणं ‘माल नाही’ एवढ्यावर संपत नाही. ‘माल आहे, पण परवडत नाही’ हे तिसरंच आहे, आणि ते लांबलं की हळूहळू दुसऱ्यात, म्हणजे ‘गिऱ्हाईक नाही’ मध्ये जातं. कारण महागलं की लोक म्हणतात, राहू दे, जुनंच अजून वर्षभर चालवू.

मात्र एक गोष्ट १९९९ पेक्षा बरी आहे. तेव्हा त्या चिपसाठी एकटी ॲपल अडकली होती, शेजारचे विंडोज संगणक बनवणारे नव्हते. या वेळी सगळेच एका नावेत आहेत. तुमची कंपनी मशीन देत नाही म्हणून गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं तरी तिथेही हीच रड. तेव्हा प्रश्न एवढाच, की या नावेत कुणाच्या गाठोड्यात शिदोरी जास्त आहे. लेनोव्होच्या अर्थप्रमुखांनी त्याच महिन्यात सांगितलं होतं की त्यांनी मेमरीचा साठा नेहमीपेक्षा सुमारे पन्नास टक्के वाढवून ठेवलाय. मोठी कंपनी, आधी केलेला करार, भरलेलं गोदाम यांना आज किंमत आहे. लहान कंपन्यांचे हाल जास्त.

पण भरलेलं गोदाम म्हटलं की मला थोडं भ्यायला होतं. त्याचं कारण सांगतो.

आमच्या कारखान्यात एकदा एका रिलेची, म्हणजे पॅनेलमधल्या विजेवर चालणाऱ्या स्विचची, टंचाई झाली. महिन्याला हजार लागायचे, पुरवठादार सातशेच द्यायचा. मी काय केलं असेन? ऑर्डर तीन हजारांची टाकली, म्हणजे कापून-छाटून हजार तरी पदरात पडतील. दोन वेगळ्या पुरवठादारांकडेही तीच ऑर्डर टाकली. माझ्यासारखे पन्नास खरेदीवाले तेच करत होते. रिले बनवणाऱ्याला वाटलं, अरे वा, मागणी तिप्पट झाली. त्याने यंत्रं वाढवली. आणि एके दिवशी सगळ्यांना सगळा माल एकदम मिळाला. आमच्या स्टोअरमध्ये खोकी छताला टेकली. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून काय काय सुनावलं, ते इथे छापण्यासारखं नाही. पुढची दोन वर्षं मी एकही रिले घेतला नाही.

हेच मोठ्या प्रमाणावर सिस्कोच्या बाबतीत झालं. ती नेटवर्कची उपकरणं बनवते, संगणक नव्हे, पण गोष्ट तीच. २००० साली सुट्या भागांची टंचाई, गिऱ्हाइकांच्या दुहेरी-तिहेरी ऑर्डरी, म्हणून कंपनीने भाग घ्यायचे मोठमोठे करार करून ठेवले. मागणी कोसळली आणि २००१ मध्ये तिला सुमारे सव्वादोन अब्ज डॉलरचा साठा तोटा म्हणून खर्ची टाकावा लागला. म्हणून ‘मागणी जोरात आहे, मालच पुरत नाही’ हे कंपनीचं वाक्य वाचून भागधारकाने लगेच पेढे वाटू नयेत. त्या मागणीत माझ्यासारख्यांच्या तीन हजारांच्या ऑर्डरी किती, ते कंपनीलाही नीट माहीत नसतं. आणि तुमचा विक्रेता तुम्हाला ‘मिळेल ते आत्ताच उचला’ म्हणतो, तेव्हा तोही त्या फुगवट्यात तुमच्या नावाने एक फुंकर मारत असतो.

टंचाईत पैसा कुणीच कमवत नाही असंही नाही, ताई. फक्त तो बहुधा संगणक बनवणाऱ्याच्या हाती लागत नाही. २०११ च्या ऑक्टोबरात थायलंडमध्ये पूर आला. जगातल्या हार्ड डिस्कचा फार मोठा भाग तिथे तयार होत होता. वेस्टर्न डिजिटलचे कारखाने पाण्याखाली गेले. त्या दिवाळीत हार्ड डिस्कचा भाव सकाळचा संध्याकाळी राहत नव्हता. आमच्या ऑफिसला वीस हव्या होत्या, शेवटी सहावर भागवलं. संगणक कमी बनणार म्हणून इंटेलने डिसेंबरात आपल्या तिमाही विक्रीचा अंदाज एक अब्ज डॉलरने खाली आणला. म्हणजे पूर आला डिस्कच्या कारखान्यात आणि भिजला प्रोसेसरवाला. आणि सीगेट, जिचे स्वतःचे कारखाने बुडाले नव्हते? जून २०११ ला संपलेल्या वर्षात तिचा नफा सुमारे ५१ कोटी डॉलर होता. पुढच्या वर्षी तो २८६ कोटी झाला.

एक बारीक गोष्ट त्यातली सांगण्यासारखी आहे, कारण ती ग्राहकाच्या कामाची आहे. त्याच डिसेंबरात दोन्ही डिस्क कंपन्यांनी आपल्या बऱ्याच डिस्कची वॉरंटी कमी केली. काहींची थेट एका वर्षावर आणली. भाव दुप्पट, हमी निम्मी. टंचाईत किंमत वाढते ती सगळ्यांना दिसते. वॉरंटी, रॅमची पट्टी कुठल्या कंपनीची, स्लॉट मोकळा आहे की मेमरी बोर्डावर डागलेली आहे, हे सगळं बारीक अक्षरांत बदलतं आणि बिल फाइल झाल्यावर लक्षात येतं.

गिऱ्हाइकाला कसं वागवलं जातं, यासाठी मला रास्पबेरी पाय या ब्रिटिश कंपनीचं उदाहरण आवडतं. आवडतं म्हणजे पटतंच असं नाही. छोटे, स्वस्त संगणक बनवते ही कंपनी. पोरासोरांनी शिकावं म्हणून सुरू झालेली. २०२१ च्या टंचाईत तिला पुरेशा चिप मिळेनात. ऑक्टोबरात तिने इतिहासात पहिल्यांदा एका मशीनचा भाव वाढवला, ३५ डॉलरचं ४५ ला केलं. आणि जो माल बनत होता त्यात आधी अशा उद्योगांना दिला ज्यांचं स्वतःचं उत्पादन या बोर्डावर चालतं. त्यांचा कारखाना बंद पडला तर माणसं घरी बसतील, शौकिनाचा प्रयोग मात्र थांबू शकतो, हा त्यामागचा विचार. शौकीन लोक दोन वर्षं दुपटी-तिपटीच्या काळ्या भावात घेत राहिले आणि शिव्या घालत राहिले. काही जण दुसऱ्या बोर्डांकडे गेले ते गेलेच. कंपनी मात्र टिकली. जून २०२४ मध्ये लंडनच्या शेअर बाजारात २८० पेन्सला तिची नोंदणी झाली. ज्या शौकिनांनी तिला मोठं केलं त्यांना शेवटच्या पंगतीत बसवलं, आणि भागधारकाच्या दृष्टीने ते बरोबरच ठरलं. तुमच्या मनातला गुंता हाच आहे ना? ग्राहक म्हणून वाईट वाटणारी गोष्ट भागधारक म्हणून चांगली असू शकते. मला त्यात पाप दिसत नाही. दोन टोप्या आहेत, डोकं एक आहे, जरा खाजणारच.

मग तुमच्या शेअरचं काय? विका किंवा ठेवा असं मी सांगणार नाही, तो माझा अधिकार नाही. पण कंपनीचा तिमाही अहवाल उघडा आणि माझ्यासारखा खरेदीवाला वाचेल तसा वाचा. विक्री किती वाढली ते सोडून द्या. ग्रॉस मार्जिन, म्हणजे विक्रीतून मालाचा खर्च वजा जाता उरणारा टक्का, सलग दोन-तीन तिमाहींत घसरतंय का? म्हणजे महागाई ती गिळतेय. साठा आणि पुढच्या खरेदीची बांधिलकी विक्रीपेक्षा वेगाने फुगतायत का? तर आमच्या रिलेच्या खोक्यांची आठवण ठेवा. कंपनी सर्व्हरही विकते का? विकत असेल तर डेटा सेंटरचा जो भस्मासुर तिच्या डेस्कटॉपच्या मेमरीवर हात ठेवतोय, तोच दुसऱ्या दाराने तिचं गिऱ्हाईक असू शकतो. आणि ती ‘विक्री लांबली’ म्हणते तेव्हा पुढच्या तिमाहीत ती खरंच परत येतेय का, ते तपासा. २०२१ च्या सप्टेंबर तिमाहीत ॲपलने सुट्या भागांअभावी सहा अब्ज डॉलरची विक्री हुकल्याचं सांगितलं होतं, आणि लगेच पुढच्या तिमाहीत १२३.९ अब्जांचा विक्रम केला. लांबलेली विक्री अशी परत दिसते. नुसतं दर वेळी ‘पुढच्या खेपेला’ होत राहिलं, तर ती लांबलेली नसते, गेलेली असते.

पण एक सांगू का? पत्र वाचताना मला तुटवड्यापेक्षा तुमचे ते साठ टक्के जास्त टोचले. एका कंपनीत, एका धंद्यात, तुम्ही स्वतः जिच्या गिऱ्हाईक आहात त्याच नावात इतकं? मेमरी उद्या गल्लोगल्ली मिळायला लागली तरी हे जास्तच आहे. कमी करायचं ते भावाच्या घाईने नको आणि शेअर पडला म्हणूनही नको, टप्प्याटप्प्याने करा. चार वर्षं झालीत, म्हणजे २४ महिने उलटले आहेत, नफ्यावर दीर्घ मुदतीचा १२.५ टक्के कर लागेल. आणि विका अथवा ठेवा, रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेचा तक्ता दरवर्षी भरलाय ना, हे सीएला आजच विचारा. त्यात राहून गेलेली नोंद शेअरच्या घसरणीपेक्षा महाग पडू शकते.

आता विक्रेता. त्याच्या म्हणण्यात मला एक फट दिसते. ‘१६ जीबीवर घ्या, उरलेली नंतर लावून देतो’ असं तो म्हणतोय. याचा अर्थ बहुधा असा, की कंपनीकडून मशीन १६ जीबीचीच येणार होती आणि बाकीची रॅम तो बाजारातून घेऊन स्वतः बसवणार होता. तसं असेल तर तुमच्या ऑर्डरमधला तुटवडा तुमच्या कंपनीचा नाहीच. तो या विक्रेत्याचा आहे. तेव्हा त्याच्यावरचा राग शेअरवर काढू नका. त्याला एवढंच विचारा: "माझी आगाऊ रक्कम आली त्या दिवशी तुम्ही वरती ऑर्डर टाकली का? तिची तारीख दाखवा." टाकली असेल आणि वरच्यानेच हात वर केले असतील, तर तो तुमच्यासारखाच अडलेला आहे, त्याच्याशी वाटाघाट करा. टाकलीच नसेल, तुमच्या पैशांवर बसून भाव उतरायची वाट बघत असेल, तर वाढलेला फरक त्याने सोसायला हवा. कोटेशन वैध असताना तुम्ही पैसे भरलेत. व्यवहार त्या भावाला झालाय.

पाचही मशीन एकदम हवीत का, याचाही विचार करा. तुमच्याकडे रेंडरिंग, म्हणजे इमारतीची खरीखुरी वाटणारी चित्रं, करणारे किती? दोन, फार तर तीन. त्यांना ३२ जीबी आत्ता लागेल. नकाशे काढणारा आणि पत्रव्यवहार सांभाळणारा १६ वर वर्षभर सहज काढतील. त्यांची मशीन घेताना एकच बघा, १६ जीबीची एकच पट्टी असावी आणि दुसरा स्लॉट मोकळा. आठ-आठच्या दोन पट्ट्या आल्या आणि स्लॉट दोनच असले, तर पुढे वाढवताना दोन्ही काढून टाकाव्या लागतील. एका पट्टीवर मशीन किंचित सावकाश चालेल, ते चालू द्या. जुन्या मशीनवरच ढकलायचा विचार असेल तर ती विंडोज ११ घेतात का ते आधी बघा. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, आणि गिऱ्हाइकांचे आराखडे तशा मशीनवर फार काळ ठेवू नयेत. फरकाचा हिशेब करताना जीएसटी वजा करून करा. तुमची नोंदणी असेल तर १८ टक्के क्रेडिट परत मिळतं, म्हणजे आकडा वाटतो तेवढा भयंकर नसेल.

मोकळी रॅम घेताना बिलावर कंपनीचं नाव आणि सीरियल नंबर लिहून घ्या. टंचाईत लेबल बदललेल्या पट्ट्या बाजारात फिरतात, आणि मशीनमध्ये बिघाड झाला की विक्रेता कंपनीकडे बोट दाखवतो, कंपनी विक्रेत्याकडे.

म्हणून सोमवारी फोन न करता मेल करा. तीन मशीन ३२ जीबीची, जुन्या भावाने, अमुक तारखेपर्यंत. दोन मशीन १६ जीबीची, एका पट्टीत, किंमत त्या प्रमाणात कमी करून. ‘उरलेली नंतर’ हे शब्द त्याच्या उत्तरात कुठेही नकोत. त्या जागी मेक, भाव आणि दिवस लिहिलेला हवा. दिवस लिहायला तो का-कू करू लागला, तर त्या दोन मशीनपुरती आगाऊ रक्कम परत मागा आणि तीच दोन मशीन थेट कंपनीच्या दुकानात किती दिवसांत मिळतात ते विचारून बघा. तिथे जे उत्तर मिळेल ते लिहून ठेवा. तुमच्या शेअरसाठीही ते उपयोगी पडेल.